हाक न ऐकणारा अर्धा दाणा

मी एक जुना गव्हाचा दाणा आहे. दाणा म्हणजे अर्धाच. मित्रांनो, तेव्हा आधीच सांगून ठेवतो, माझ्याकडून पूर्ण गोष्टीची अपेक्षा ठेवू नका. अर्धी मी सांगेन. उरलेली ज्याच्याजवळ होती त्याला एका संध्याकाळी खड्ड्यात ओतलं. शिवाय आम्हा दाण्यांना थापा मारायची खोड फार. ओंबीत दाटीवाटीने महिनाभर बसायचं, दुसरं करणार काय? पण ही गोष्ट मी होता होईल तेवढी सरळ सांगणार आहे. जिथे थाप मारावीशी वाटेल, तिथे तसं कबूल करीन.

माझा जन्म एका काचघरातल्या कुंडीत झाला. आई म्हणजे एक लुकडं गव्हाचं रोप. तिला दोनशे बारा हा आकडा होता, नाव नव्हतं. झाडांना तोंड नसतं, त्यामुळे त्यांचा सगळा कारभार निरोपांवर चालतो. हे निरोपे म्हणजे इवलेसे रेणू. पुस्तकात त्यांना संप्रेरकं म्हणतात. मी हिरवा आणि दुधाळ होतो तेव्हा निरोप यायचा तो एवढाच, वाढ, भर, वाढ, भर. मी आपला भरत गेलो. माझ्या एका टोकाला इवलंसं बाळ होतं, त्यालाच शास्त्रात भ्रूण म्हणतात. उरलेला सगळा मी म्हणजे त्या बाळाची शिदोरी.

मग एक निराळा निरोप्या येऊ लागला. त्याचं पुस्तकी नाव ॲबसिसिक आम्ल. नावावरून वाटतं अंगाला झोंबेल, पण त्याच्याइतका मायाळू मी दुसरा पाहिला नाही. मी त्याला झोपवणारा म्हणतो. तो बाळाच्या कानाशी बसून म्हणायचा, "आता वाळायचं आहे, घाबरू नकोस. ओल लागली तरी लगेच उठू नकोस. अजून वेळ झाली नाही." बाळ वाळलं, आक्रसलं आणि झोपलं.

दुसरा निरोप्या जिबरेलिन. हा उठवणारा. दाणा जमिनीत पडला, पाणी प्याला, की बाळ जागं होतं आणि याच्यामार्फत हाक मारतं, "भूक लागली!" ती हाक माझ्या सालीखालच्या पातळ थराला ऐकू जाते. तो थर पाचक रस सोडतो आणि माझ्या पोटातल्या पिठाची साखर होऊन बाळाला पोचते. थोडक्यात काय, तर बाळाने हाक मारली की आपण विरघळायचं, हेच आमचं आयुष्य. तक्रार नाही. त्यासाठीच तर भरलेलो असतो.

खोड आहे ती वेळेत. तांबड्या सालीच्या गव्हाची झोप गाढ, पांढऱ्या सालीच्या गव्हाची सावध. कापणीच्या तोंडावर चार दिवस पाऊस लागला, की उभ्या ओंबीतच झोपवणाऱ्याचा आवाज बसतो, उठवणारा बोंब ठोकतो आणि शेतच्या शेत आईच्या कडेवर असतानाच कोंब काढतं. कोंब बाहेर दिसले नाहीत तरी आत पीठ सडायला लागलेलं असतं. दिसायला दाणा टपोरा, दळलं तर पीठ चिकट.

हे सगळं मला कसं ठाऊक? बाईंकडून.

बाई म्हणजे त्या काचघराच्या आणि शेजारच्या लांबट खोलीच्या मुख्य. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. त्यांच्या वडिलांची पावाची भट्टी होती. एका वर्षी भट्टीतून निघालेला प्रत्येक पाव मधोमध बसू लागला. म्हाताऱ्याने खमीर बदललं, लाकडं बदलली, पहाटे आणखी एक तास आधी उठून कणीक मळली. पाव बसतच राहिले. गिऱ्हाईक म्हणालं, म्हाताऱ्याचा हात गेला. म्हाताऱ्यालाही ते पटलं. त्याने भट्टी विझवली आणि पुढची नऊ वर्षं ओट्यावर बसून स्वतःचे तळहात बघत काढली. तो गेल्यावर कितीतरी वर्षांनी बाई दाण्यांचं शास्त्र शिकल्या. तेव्हा त्यांना कळलं की त्या वर्षी कापणीत पाऊस झाला होता. हात गेला नव्हता. पीठ सडकं होतं. पण हे सांगायला ओट्यावर कोणी उरलं नव्हतं.

म्हणून बाई अकरा वर्षं एकच गोष्ट शोधत होत्या. त्यांना असा पांढरा गहू हवा होता, ज्याच्या शिदोरीला उठवणाऱ्याची हाक नीट ऐकूच येत नाही. बाळाने पावसात कितीही आकांत केला तरी शिदोरी सुटणार नाही. जमिनीत पेरल्यावर तो उगवेल, पण सावकाश, डोळे चोळत. असा बहिरा दाणा हजारोंत एखादा निघतो म्हणत. त्यांना एकही सापडला नव्हता.

शोधण्याची रीत अशी. दाणा ब्लेडने आडवा कापायचा. बाळाचा अर्धा भाग एका ट्रेमध्ये, शिदोरीचा अर्धा भाग चौकोनी काचेच्या बशीत. बशीत खळीचा, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा, थर असतो. प्रत्येक शिदोरीवर जिबरेलिनच्या पाण्याचा एकेक थेंब टाकायचा. ज्याला हाक ऐकू येते तो रस सोडतो आणि आपल्याभोवतीची खळ खाऊन टाकतो. दुसऱ्या दिवशी बशीवर आयोडीन ओतलं की सगळी खळ काळीनिळी होते, फक्त ऐकणाऱ्याभोवती पांढरं कडं उरतं. ज्याच्याभोवती कडं नाही, तो बहिरा. मग ट्रेमधलं त्याच आकड्याचं बाळ काढून, आधी निर्जंतुक साखरपाण्यावर वाढवून, पेरायचं.

कापायचं काम ब्लेडकाकांकडे. तीस वर्षं दाणे कापत आलेला माणूस, बाईंपेक्षा दोन वर्षांनी मोठा. हात असा स्थिर की चिमट्यात धरलेल्या दाण्याला आपण कापले गेलो हे अर्ध्या मिनिटाने समजे. मला तर अजून नीट समजलेलं नाही. त्या खोलीत काही फुटलं की काकांचं ठरलेलं वाक्य, "हात आहेत की ओंडके?" तीस वर्षांत त्यांच्या हातून चमचाही पडला नव्हता, आणि हे ते आठवड्यातून दोनदा सांगत.

आता त्या ट्रेविषयी सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिथेच अडकली आहे. बाळांचा तो ट्रे जुना होता. आडवी बारा, उभी आठ अशी शहाण्णव घरं. धुऊन धुऊन त्यावरचे आकडे पुसून गेले होते. पण अडचण नव्हती, कारण ट्रेचा एक कोपरा मुद्दाम कापलेला होता. कापलेला कोपरा वर, डाव्या हाताला. तिथून मोजायला सुरुवात. खोलीतला दंडकच होता तो.

मला कापण्याच्या चार दिवस आधी काकांच्या हातून ट्रे धुताना निसटला. मोरीच्या कडेवर आपटून त्याचा समोरचा, म्हणजे तिरका पलीकडचा कोपरा टवकला. खोलीत कोणी नव्हतं. ओंडके कोणाचे हे विचारणारंही कोणी नव्हतं. काकांनी कानस घेतली आणि तो तुटका कोपरा घासला. नुसता घासला असता तरी चाललं असतं. पण हाताला सवय नेटकेपणाची. त्यांनी तो पहिल्या कापलेल्या कोपऱ्यासारखा हुबेहूब केला, अगदी त्याच तिरक्यात. ट्रे आता उलटसुलट कसाही धरा, सारखाच दिसत होता. तो मुळातच असा असावा, असं काकांना वाटलं. हे मला त्यांनीच पुढे सांगितलं, मला म्हणजे खिशातल्या काचनळीला.

माझी पाळी आली ती सकाळी. मी एकोणतिसावा. बाळ ट्रेमध्ये गेलं, मी बशीत. बाई थेंब टाकत होत्या आणि काका शेजारी उभे राहून मोठ्याने मोजत होते. ही त्यांची जुनी रीत होती, एकाने टाकायचं, एकाने मोजायचं.

"अठ्ठावीस... एकोणतीस... बाई, हात जरा भराभर चालवा. माझा गळा सुकला."

"तुमचा गळा सुकायला थेंब कशाला लागतात काका? तुम्ही नुसते उभे राहिलात तरी सुकतो."

"तीस. एकतीस. चहा गार होतोय तिकडे."

"तीस वर्षं गारच पितेय मी. तुमच्यामुळे."

एकोणतीस म्हणताच माझ्यावर थेंब पडला होता. गार होता. आजूबाजूला काय झालं ते सांगतो, हसू नका. शेजारचे पंच्याण्णव अर्धे दाणे एकदम गहिवरले. आपलं बाळ हाक मारतंय असं वाटून त्यांनी पोट मोकळं केलं. बाळ तर पाच हात लांब, फ्रिजमध्ये, ट्रेत पडलेलं. हाक बाटलीतून आली होती. नसलेल्या बाळासाठी ते रात्रभर विरघळत राहिले. मला मात्र काहीच ऐकू आलं नाही. मी कोरडा बसलो आणि आपल्यालाच कसा पाझर फुटत नाही म्हणून शरमलो.

दुसऱ्या दिवशी आयोडीन पडलं. बशीभर काळोख आणि त्यात पंच्याण्णव पांढरे चंद्र. माझ्याभोवती चंद्र नव्हता.

"काका, जरा इकडे या," बाईंचा आवाज बदलला होता. "मला एकटीला दिसतंय, का तुम्हालाही?"

काका वाकले. भिंग लावलं. "एकोणतिसावा. ठार बहिरा आहे लेकाचा."

बाई स्टुलावर बसल्या. हसल्या आणि हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले. मित्रांनो, माझं कौतुक झालं ते एवढंच, पण झालं ते भरभरून. अकरा वर्षं कोणी वाट बघावी असं माझ्यात काही होतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मग बाईंनी फ्रिजमधून ट्रे काढला. कापलेला कोपरा वर, डाव्या हाताला. दंडकाप्रमाणे, अगदी बरोबर. पण तो दुसरा कोपरा होता. एकोणतिसाव्या घरातून त्यांनी बाळ उचललं, ते होतं अडुसष्टाचं. माझं बाळ अडुसष्टाव्या घरात निमूट पडून राहिलं. मी बशीतून ओरडलो, अशी इथे थाप मारावीशी वाटते. पण मी ओरडलो नाही. मला तेव्हा कळलंच नव्हतं.

निवड झाली की उरलेलं त्याच दिवशी बाहेर, नाहीतर बुरशी कपाटभर पसरते. काकांनी संध्याकाळी पंच्याण्णव बाळं खोलीमागच्या खड्ड्यात ओतली आणि वर दोन फावडी माती लोटली.

मला पुसून, वाळवून एका बारीक काचनळीत ठेवलं, वर बूच, बुचाला आकडा. नळी बाईंच्या टेबलावर, खिडकीकडच्या कोपऱ्यात. तिथून मी अडुसष्टाच्या पोराला वाढताना बघितलं. रोप ताठ आणि उंच झालं. खोडही उठवणाऱ्याच्या हाकेवरच उंच होतं, म्हणून खरं तर बहिऱ्या गव्हाचं रोप बुटकं राहायला हवं. बाई म्हणाल्या, "बुटका न होता गुण आला असेल, तर सोन्याहून पिवळं." माणसाला हवं असलं की ते असं दिसतं.

ओंब्या पिकल्या. बाईंनी त्या धुक्याच्या पेटीत टांगल्या. या पेटीत दिवसरात्र बारीक तुषार उडतात, म्हणजे कापणीतला पाऊसच. तिसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडली तर ओंब्यांना हिरवी मिशी फुटली होती. एकही दाणा झोपलेला नव्हता.

पेटीचं दार बाईंनी हळूच लावलं, कोणी आत झोपलं असल्यासारखं.

त्याच सकाळी काकांनी मोरीवर ट्रे धुऊन उपडा घातला. उपडा घालताना तो त्यांच्या हातात फिरला. ते थबकले. परत फिरवला. सारखाच. आणखी एकदा. मी टेबलावरून त्यांची पाठ बघत होतो. ती पाठ हळूहळू वाकली.

ते परत आले तेव्हा बाई माझी नळी उजेडात धरून बसल्या होत्या.

"काका, त्या दिवशी एकोणतिसावर मी थेंब टाकला होता ना?"

काका मोरीकडे बघत राहिले.

"नसेलच टाकला. म्हणूनच कडं आलं नाही. हा बहिरा नव्हताच, याला हाकच मारली नव्हती कोणी. तुम्ही मोजत होतात ना, आठवतं का काही?"

इथे मित्रांनो, एका वाक्याचा अवकाश होता. 'टाकला होतात, मी मोजला, चूक ट्रेची आहे,' एवढंच म्हणायचं होतं. काकांनी ओल्या हाताने शर्टाचं बटण चाचपलं आणि म्हणाले, "आता काय सांगू बाई. इतक्या दिवसांचं कोणाला आठवतं?"

"मला आठवायला हवं होतं," बाई म्हणाल्या.

मला पुन्हा थेंब टाकून विचारता आलं असतं तर बरं झालं असतं. पण आयोडीनखाली माझा सालीखालचा थर मेला होता. एका दाण्याला तो प्रश्न एकदाच विचारता येतो.

त्यानंतर बाई बदलल्या. आधी थेंब दोनदा मोजू लागल्या, मग तीनदा. एका बशीला आठवडा लागू लागला. टेबलावर चिठ्ठ्या दिसू लागल्या, 'फ्रिज लावला', 'बाटलीचं झाकण', 'थेंब टाकले, स्वतः पाहिलं'. मग त्या चिठ्ठ्यांवरही त्यांचा विश्वास राहीना; हे आपणच लिहिलं का, म्हणून अक्षर निरखत बसायच्या. घरून लेकीचा फोन येई. "आई, डॉक्टरांनी सांगितलं ना, डोक्यात काही बिघाड नाही म्हणून!" बाई म्हणत, "त्यांना काय माहीत मी काय विसरले ते." पंच्याण्णव अर्धे दाणे मी बशीत विरघळताना बघितले होते. हे शहाण्णवावं विरघळणं मी टेबलावरून बघितलं. हाक खोटी होती, पण बाईंनी ती ऐकली.

दोन वर्षं हे चाललं. काका रोज त्यांच्यासाठी चहा आणत. आता तो गरम असे. एवढंच ते करू शकले.

निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना बाईंनी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी त्यांनी खण रिकामा केला आणि माझी नळी केराच्या टोपलीत टाकली. रागाने नाही. पेन्सिलीचं टोक टाकावं तशी. त्या गेल्यावर काकांनी टोपलीत हात घालून मला काढलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. खिशात मी अकरा दिवस होतो. तिथेच त्यांनी मला सगळं सांगितलं, बसमध्ये, जिन्यात, मोरीवर. बाराव्या दिवशी त्यांनी ट्रे पिशवीत घातला आणि बाईंचं घर गाठलं.

दार लेकीने उघडलं. आत वळून म्हणाली, "आई, तुझे ब्लेडकाका आलेत. बघ, आठवतात का!"

"न आठवायला काय झालं?" आतून आवाज आला. "तीस वर्षं माझा चहा गार करणारा माणूस."

बाई बाहेर आल्या. खोलीभर चिठ्ठ्या होत्या. गॅसवर, कडीवर, दिव्याच्या बटणावर. काका बसले नाहीत. त्यांनी ट्रे काढून टेबलावर ठेवला. मग फिरवला. परत फिरवला.

"दिसतंय का बाई?"

बाईंनी बघितलं. एकदाच. हुशार माणसाला एकदाच बघावं लागतं.

"दुसरा कोपरा कोणी कापला?"

"मी. फुटला होता. घासला."

"कधी?"

"तुम्ही तो ट्रे काढलात त्याच्या पाच दिवस आधी."

"आणि तुम्हाला कळलं कधी?"

काकांनी मान खाली घातली. "मिश्या फुटल्या त्या सकाळी."

लेक काही बोलणार होती. बाईंनी हात वर करून तिला थांबवलं.

"म्हणजे एकोणतिसावर मी थेंब टाकला होता."

"टाकला होतात. मी मोजला. आकडा मोठ्याने म्हटला. हात भराभर चालवा असं वर बोललोही."

"गळा सुकला म्हणालात."

"हो."

"म्हणजे मला आठवत होतं," बाई म्हणाल्या. "सगळं नीट आठवत होतं. मीच त्याला खोटं ठरवत होते."

काकांनी खिशातून मला काढलं आणि ट्रेशेजारी ठेवलं. "हा खराच बहिरा होता बाई. तुम्हाला सापडला होता."

बाईंनी मला हातात घेतलं. मग त्यांनी विचारलं, "बाकीचे पंच्याण्णव?"

"मागच्या खड्ड्यात. तो खड्डा मागच्या वर्षी बुजवून वर फरशी घातली."

"काका, क्षमा मागू नका. माझ्याकडे आत्ता नाही. माझ्या बापाला शेवटपर्यंत कोणी सांगायला आलं नाही, की हात तुझा गेला नव्हता. तुम्ही निदान आलात. दोन वर्षं घालवून आलात, पण आलात." त्या थांबल्या. "आता जा."

काका गेले. ट्रे तिथेच राहिला. लेकीने कडीवरची चिठ्ठी काढायला हात घातला, तर बाई म्हणाल्या, "राहू दे. एका दिवसात नाही निघायच्या त्या." खरंच निघाल्या नाहीत. काही अजून आहेत. मी आता त्यांच्या खिडकीत असतो. कामावर परत येऊ का, असं त्यांनी एकदा पत्र लिहून विचारलं होतं; उत्तर आलं, की त्या लांबट खोलीत आता जुन्या खुर्च्या ठेवतात.

मित्रांनो, इथे मला थाप मारायची फार इच्छा होते आहे. सांगावंसं वाटतं, की त्या फरशीच्या फटीतून दरवर्षी गव्हाचं एक बुटकं रोप वर येतं, पाऊस आला तरी त्याची ओंबी शांत झोपलेली असते, आणि एक दिवस बाई तिथून चालत जातात. माझ्यासारख्या थापाड्याला हे जमवणं मुळीच कठीण नाही. पण कापलेलं बाळ ओल्या मातीत पडलं, की आठ दिवसांत बुरशी त्याला संपवते. माझ्या बाळाने तिथे हाक मारली असेल. शिदोरी टेबलावर होती, आणि ती बहिरी होती.

म्हणून एवढीच विनंती. तुमच्या हातून काही फुटलं, तर फुटलेली कड तशीच राहू द्या. ओबडधोबड, सगळ्यांना दिसेल अशी. घासून गुळगुळीत करू नका. आणि तुमच्या चुकीचा दोष दुसरं कोणी स्वतःच्या माथी घेत असेल, तर त्याच दिवशी, त्याच खोलीत, चहा गार व्हायच्या आत बोला. मी बहिरा असून सांगतो. वेळेवर आलेली हाक फार मोठी गोष्ट असते.